घर सोडायचं की थांबायचं? पूर, वीज, आग आणि गॅस: विदर्भातल्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाव सोडायचं का, हा विषय बहुतेक घरांत पाणी ओट्याला लागल्यावर निघतो. तोवर रपटा (नाल्यावरची सखल फरशी) बुडालेला असतो, लाइन गेलेली असते आणि मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते. म्हणून खालचे प्रश्न मृग लागायच्या आधी वाचलेले बरे. सगळ्यात जास्त जागा पुराला दिली आहे. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, पूर्णा, प्राणहिता या नद्यांच्या काठी हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वीज, गॅस, ऊन यांत उत्तर बऱ्याचदा उलटं असतं, तेही पुढे आहे.

निघायचं की थांबायचं, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

रस्त्यावरून. नदीकडे नंतर बघा. गावातून बाहेर पडायचा रस्ता कुठे सर्वांत सखल आहे, ते आधी बघा. आपल्याकडच्या नदीकाठच्या बहुतेक गावांत घर बुडण्याच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. कुठे नाल्यावरचा रपटा, कुठे बुटका पूल, कुठे काळ्या मातीची पांदण, जिच्यात पाणी नसलं तरी पाय पोटरीपर्यंत रुततो. त्या जागेवर पाणी चढेपर्यंतचा वेळ तेवढा तुमचा. त्यानंतर नदी घरापासून किती लांब आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

यात एक गोम आहे. रस्ता बंद करणारं पाणी पुष्कळदा मोठ्या नदीचं नसतंच. गडचिरोली-नागपूर रस्ता बंद होतो तो पाल नदीवर. वैनगंगा फुगली की पालच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि पुलावर येतं. चंद्रपूरला वर्धा भरली की इरई तुंबते आणि शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. तुमच्या गावचा नालाही असाच वागतो का, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना ते बरोब्बर माहीत असतं.

हे कळलं की दोन खुणा ठरवून टाका. रपट्याजवळच्या एखाद्या दगडाला किंवा खांबाला पाणी लागलं की लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि आजारी माणूस निघणार. त्याच्या वरच्या खुणेला लागलं की उरलेले सगळे. ठरवताना भांडण होऊ द्या, पाणी आल्यावर नको. आणि पाणी चढतंच असेल, अंधार पडायला तीन-चार तास राहिले असतील, तर खुणेची वाट न बघता उजेड आहे तोवर निघा.

तुमचं घर उंचावर असेल, भिंती पक्क्या असतील, घरात चार-पाच दिवसांचं धान्य, औषधं आणि प्यायचं पाणी असेल, तर रस्ता बुडाला म्हणून पळायची गरज नाही. अशा घराने थांबावं, आणि जमलं तर खालच्या दोन घरांना आसरा द्यावा.

आमच्याकडे थेंब नाही पडला, तरी गावात पाणी कसं आलं?

कारण नदी तुमच्या आभाळातून येत नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी हेच झालं. मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या भागात जोराचा पाऊस पडला, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, भंडारा-गोंदियात पूर आला आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले. पुढे ब्रह्मपुरी तालुक्यात आणि गडचिरोली जिल्ह्यात गावंच्या गावं पाण्यात गेली. वैनगंगेच्या पात्रात बेटासारख्या वसलेल्या लाडजमधून माणसं बोटीने काढावी लागली.

तेव्हा वैनगंगेच्या काठावर असाल तर सिवनी-बालाघाटचा पाऊस ऐका. सिरोंच्यात असाल तर प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती अशा तिन्ही नद्यांचा हिशेब, शिवाय पलीकडे तेलंगणातल्या मेडीगड्डा बॅरेजचा. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुराने सिरोंचा तालुक्यातल्या गावांना घरं सोडावी लागली होती. पैनगंगेवर इसापूर धरण, वर्धेवर मोर्शीजवळचं अप्पर वर्धा. वरच्या धरणात किती साठा आहे, हे आपल्या गावच्या पावसाइतकंच महत्त्वाचं आहे.

"अमुक हजार क्युमेक्स विसर्ग" असा मेसेज येतो. त्यातून आम्ही काय समजावं?

एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाणी. क्युसेकमध्ये सांगायचं तर सुमारे ३५. मेसेजमध्ये यातलं कोणतं एकक आहे ते नीट बघा, कारण दोन्हींची गल्लत झाली तर ३५ पटींचा फरक पडतो, आणि व्हॉट्सॲपवर ही गल्लत सर्रास होते.

नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. मागच्या वेळी इतकं पाणी सोडलं तेव्हा ते आपल्या गावात कुठवर आलं आणि किती तासांनी आलं, हे माहीत असलं तरच तो कामाचा. प्रत्येक पुरानंतर जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेघ, तारीख आणि त्या दिवशीचा विसर्ग ऑइल पेंटने लिहून ठेवा. चार पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. माझ्या मते गावाने करावं असं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम हेच.

यलो, ऑरेंज, रेड अलर्टला काय करायचं?

यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे कृती करा. हवामान विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. अलर्ट सगळ्या जिल्ह्याचा असतो. चिखलदऱ्याला कोसळणारा पाऊस दर्यापूरला पडेलच असं नाही. पण डोंगरात पडला की काही तासांनी नद्या-नाल्यांतून तो खाली येणारच असतो. ऑरेंजला जनावरं जवळ बांधा, कागदपत्रं पन्नीत घाला, फोन चार्ज करा. रेडला सखल भागातल्या घरांनी रात्र तिथे काढू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

रपट्यावर पाणी गुडघ्याच्याही खाली आहे. ट्रॅक्टर सहज निघेल की?

नाही. वाहतं पाणी वीतभर असलं तरी चालत्या माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाण्यात लहान कार तरंगायला लागते, आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. शिवाय पाण्याखाली रपटा शाबूत आहे की मधून खचला आहे, हे वरून दिसत नाही. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या पुलावर पाणी वाहत असताना एसटी बस घातली गेली आणि ती वाहून गेली. आत प्रवासी होते, जीव गेले. एसटीपेक्षा तुमचा ट्रॅक्टर जड नाही. त्याच्या ट्रॉलीत बाया-लेकरं बसवून रपटा ओलांडणं तर आणखी वाईट, ट्रॉली आधी वळते आणि ट्रॅक्टरला ओढते.

पोरांना पूर बघायला, मासे धरायला, रील काढायला पुलावर जाऊ देऊ नका. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आम्ही निघायला उशीर केला, रस्ता बंद झाला. आता?

आता थांबायचं. ही घसरगुंडी लक्षात घ्या: दिवसभर "बघू" म्हणणारी माणसं रात्री घाबरून छातीभर पाण्यातून निघतात, आणि बुडतात ती बहुधा तिथेच. वेळेत निघणं उत्तम, न जमल्यास वर चढून थांबणं. मधल्या अवस्थेत पाण्यात उतरणं सर्वांत वाईट.

वर म्हणजे स्लॅबवर. गावात ज्यांच्या घराला स्लॅब आहे त्यांच्याकडे पाणी गल्लीत यायच्या आत जा. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावर चढून बसणं शेवटचा उपाय, कारण खालची भिंत गेली की छप्पर जातं. घर सोडताना मेन स्विच बंद करा, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवा. वर नेताना प्यायचं पाणी, फुटाणे-मुरमुरे-गूळ, बीपी-शुगरच्या गोळ्या, टॉर्च, एक लांब दोर आणि एक भडक रंगाचं लुगडं किंवा चादर घ्या. लुगडं कशाला? बोटीतून आणि हेलिकॉप्टरमधून स्लॅबवरची माणसं सहज दिसत नाहीत. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातला आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला, तेव्हा हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली होती.

सगळ्यांनी एकदम फोन वापरू नका, एकाने वापरावा, बाकीच्यांनी बंद ठेवावेत. ११२ ला किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला लावा. गावाचं नाव, तालुका, किती माणसं, त्यात आजारी किती, जवळची ओळखीची खूण, एवढंच सांगा. आवाज जात नसेल तर साधा एसएमएस करा, कमी रेंजमध्ये तो जातो.

घर मातीचं आहे. पाणी आत नाही आलं, फक्त भिंतीला लागलंय. राहिलं तर चालेल?

चालणार नाही. मातीची भिंत पायथ्याशी भिजली की वरचं वजन पेलत नाही, आणि ती कोसळते तेव्हा आधी सांगत नाही. झडीच्या पावसात तर पूर न येताही भिंती पडतात आणि झोपेतली माणसं दबतात. भिंतीला नवी आडवी भेग दिसली, दार अचानक अडकायला लागलं, पायथ्याची माती हाताने सुटून येऊ लागली, की त्या रात्री तिथे झोपू नका. शेजाऱ्याच्या घरकुलात सतरंजी टाका. पाणी ओसरल्यावर धोका संपला असंही नाही. ऊन पडून भिंत वाळायला लागली की उरलेली पडते. सामान काढायला घाईने आत शिरू नका.

जनावरांना टाकून कसं जायचं?

खरं कारण बहुतेक हेच असतं, आणि अधिकारी "माणसं आधी" म्हणून विषय बंद करतात, तेव्हा माणसंही निघत नाहीत. एक बैलजोडी गेली म्हणजे पुढचा हंगाम गेला. त्यामुळे जनावरांचा बेत माणसांच्या बेताआधी व्हायला हवा.

जनावरं माणसांच्या बरोबर नाही, माणसांच्या आधी हलवा. ती सावकाश चालतात आणि पाणी बघून अडतात. गावाजवळची उंच जागा, आखर (गुरं जमवायची मोकळी जागा) असेल, टेकडी असेल, रस्त्याचा उंच भराव असेल, ती पावसाळ्याआधी ठरवा. तिथे कुटार आणि कडबा ताडपत्रीखाली आधीच नेऊन ठेवला तर गुरं तिथे टिकतात, नाहीतर रात्रीतून घरच्या कोठ्याकडे परततात. दोन-तीन घरांची गुरं एकत्र, आळीपाळीने एक माणूस सोबत.

हलवणं जमलं नाही तर दावं सोडा. फार तर कापा. गाय-बैल पोहतात, म्हैस तर चांगलीच पोहते. खुंट्याला बांधलेलं जनावर मात्र जागच्या जागी मरतं. कोठ्याचं दार उघडं ठेवा. शेळ्या आणि वासरं यांना मात्र स्वतःबरोबर न्या, प्रवाहात त्यांचा निभाव लागत नाही. कोंबड्या टोपल्याखाली झाकून स्लॅबवर.

कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबर आणि जनावराचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पुढे पंचनाम्याला लागतो.

नदीवरची मोटर काढून आणतो आणि मग निघतो.

हा प्रश्न नाही, पण इतक्या वेळा ऐकू येतो की इथे घेतला. चढत्या पाण्यात मोटरपंप काढायला उतरलेली माणसं बुडतात, किंवा ओल्या स्टार्टरला हात लागून जातात. मोटर काढायची तर ऑरेंज अलर्टच्या दिवशी, उजेडात, डीपीवरून सप्लाय बंद करून, दोघांनी मिळून. पाणी काठाला लागल्यावर ती नदीची झाली असं समजा.

"माह्या सासऱ्यानं बांधलेलं घर हाय, मी नाही येत." आजी हलतच नाही. काय करावं?

तिच्याशी वाद घालू नका, कारण विचारा. बहुतेक वेळा घराचा अभिमान हे वरवरचं असतं, खालची अडचण अगदी साधी असते. शाळेतल्या निवाऱ्यात संडास लांब आहे, अंधार आहे, गुडघे दुखतात, बसता येत नाही. म्हाताऱ्या बाया अशा ठिकाणी संडासला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडतात. तिला निवाऱ्यात नेण्यापेक्षा उंचावरच्या गावात सोयऱ्याकडे नेणं सोपं जातं. "पाणी येतंय म्हणून चल" याऐवजी "दोन दिवस लेकीकडे जाऊन ये" म्हटलं की ती सकाळीच तयार असते. मात्र हे पाणी यायच्या आदल्या दिवशी करायचं काम आहे.

देव्हाऱ्यातले टाक, नवऱ्याचा फोटो, पानाचा डबा यांना पिशवीत जागा ठेवा. या तीन वस्तू सोबत आल्या की अर्धा नकार विरघळतो.

सगळे निघालो तर घर कोण सांभाळणार? चोऱ्या होतात.

होतात, कधीकधी. पोलीस पाटलाला सांगून गावातले दोन-तीन पोहणारे जवान उंच जागी, स्लॅबवर थांबवा. घरात एकटं कुणी थांबायचं नाही. दागिने आणि कागदपत्रं सोबत असली तर मागे उरतं ते धान्य आणि भांडी. कागदपत्रं म्हणजे आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, पीकविम्याची पावती. पन्नीत गुंडाळून एकाच पिशवीत, आणि सगळ्यांचे फोटो काढून बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

घरात बाळंतपण जवळ आलेली बाई आहे.

तिच्या बाबतीत पुराची वाट बघायचीच नाही. तारीख पावसाळ्यात पडत असेल आणि गाव तुटणारं असेल, तर आशाताईला सांगून आधीच दवाखान्याच्या गावी हलवा. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठीच माहेरघर आहे, तिथे बाळंतपणाआधी काही दिवस राहता येतं. डायलिसिसवरचे, दम्याचे, इन्सुलिनवरचे रुग्ण यांनाही हेच लागू.

पण उंच जागा जंगलात आहे, आणि तिथे वाघ आहे.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यातून हे विचारतात, आणि बरोबर विचारतात. शहरी सूचनापत्रकात याचं उत्तर सापडणार नाही. पुरात जंगलातली जनावरंही उंचावर येतात, रानडुक्कर, अस्वल, साप सगळेच. म्हणून जंगलाच्या टेकडीपेक्षा डांबरी रस्त्याचा भराव, कालव्याची पाळ, पक्कं समाजमंदिर निवडा. टेकडीच उरली असेल तर दिवसाउजेडी, सगळ्यांनी मिळून, गुरं मध्ये घेऊन जा. रात्री जाळ ठेवा, लेकरांना कडेला झोपवू नका, आणि एकट्याने झुडपामागे जायचं नाही. गावातल्या प्राथमिक बचाव दलाच्या पोरांना किंवा वनरक्षकाला आधी कळवलं तर ते सोबत येतात.

निवारा म्हणून ठरवलेली शाळाच खोलगट जागेत आहे.

मग ती निवारा नाही. ग्रामसभेत मांडा आणि दुसरी जागा लिहून घ्या.

प्रशासनाने गाव खाली करायला सांगितलं आणि आम्ही गेलो नाही तर?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो, आणि त्याचे निर्देश न पाळल्यास कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे कुणाचा जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत. पण कायद्यापेक्षा व्यवहार बघा. सांगायला आले तेव्हा सोबत गाडी असते, पोलीस असतात, जेवणाची सोय असते. रात्री तीनला तुम्ही फोन कराल तेव्हा तीच टीम दुसऱ्या गावात अडकलेली असू शकते.

उलट बाजूही आहे. कोतवाल आला नाही, दवंडी झाली नाही, म्हणून थांबून राहायची गरज नाही. ३० जुलै १९९१ ला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदीचं पाणी शिरलं आणि २०४ माणसं गेली. निघायला कुणाची परवानगी लागत नाही.

आमचं गाव दरवर्षीच तुटतं. दरवर्षी कुठे जाणार?

जाऊ नका. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा अशा तीन नद्या, आणि पर्लकोटेच्या पुलावर पाणी आलं की पलीकडचं जग बंद. अशा भागात थांबणं हीच जुनी आणि शहाणी रीत आहे. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं रेशन आगाऊ देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. ते धान्य जूनच्या आधी पोचलं का, एवढं सरपंचाने बघावं. थांबायचं तर तयारीने: धान्य, मीठ, तेल, रॉकेल किंवा सोलर दिवा, ओआरएस, तापाच्या गोळ्या, मच्छरदाणी. हलवायचं ते फक्त सखल वस्तीतल्या घरांना आणि रुग्णांना.

मामा तलाव फुटेल अशी भीती वाटते. कधी निघायचं?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे जुने मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत. बांध मातीचे, आणि बऱ्याच ठिकाणी पाळीवर मोठाली झाडं वाढलेली. पाळीच्या पायथ्याशी थोडं स्वच्छ पाणी झिरपणं नवं नाही. ते गढूळ यायला लागलं, म्हणजे माती सोबत घेऊन येतंय. हे, किंवा पाळीवर लांब भेग, किंवा सांडवा कचऱ्याने तुंबून पाणी पाळीवरून सांडणं, यातलं एकही दिसलं की हातात मिनिटं आहेत असं धरा. इथे पिशवी नाही, गुरं नाही, खुणा नाही. थाळ्या वाजवा आणि नाल्याच्या दिशेने न पळता आडवं, चढाच्या बाजूला निघा. तलावाखालच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बायांना सांगायला आधी कुणीतरी धावलं पाहिजे.

वीज कडाडतेय, आम्ही वावरात आहोत. घरी पळायचं का?

गाव जवळ असेल आणि गडगडाट अजून लांब असेल तरच. लखकन दिसल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० च्या आत आवाज आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत शिरा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. वावरातली खोपडी किंवा टिनाची शेड विजेपासून वाचवत नाही. मोहाचं, आंब्याचं एकटं झाड तर नकोच. रबरी बूट घातले म्हणून वीज सोडत नाही.

काहीच जवळ नसेल तर ट्रॅक्टर, विळे, लोखंडी फाळ यांपासून दूर, सखल पण पाणी न साचलेल्या जागी, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं झोपायचं नाही. बांधीतल्या चिखलातून बाहेर या. सगळ्यांनी एकत्र घोळका करू नका, अंतर ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप विजेची पूर्वसूचना देतं, रोवणीच्या टोळीत एकाच्या तरी फोनवर ते असावं. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. हात लावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा, १०८ ला फोन करा.

आग लागली तर?

गंजी, कुटाराचा ढीग, कुडाची घरं: इथे थांबायचा प्रश्नच नाही. वाऱ्याच्या आडवं निघा आणि गुरांची दावी कापा. जंगलात वणवा असेल तर चढावर पळू नका, आग चढावर पायापेक्षा वेगाने धावते. नांगरलेलं वावर, नदीचं कोरडं पात्र, आधीच जळून गेलेली जागा, डांबरी रस्ता इथे जा.

टँकर उलटला, गॅसचा वास येतोय. गावातून पळायचं का?

इथे पुराच्या अगदी उलट विचार करावा लागतो. धूर किंवा विषारी वायू गावावरून जात असेल तर बाहेर धावणारा माणूस तो जास्त ओढून घेतो. वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहत असेल तर निवांतपणे, वाऱ्याला तोंड करून दूर जा. वारा तुमच्याकडे येत असेल आणि वाट नसेल तर घरात शिरा, दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा आणि कूलर बंद करा. कूलरचं सांगायला लोक विसरतात. मे महिन्यात घराघरात तो बाहेरची हवा आत ओढत असतो, म्हणजे वायूही.

बर्फ कारखान्यातला किंवा शीतगृहातला अमोनिया पाण्यात विरघळतो, ओला पंचा तोंडावर धरा. पाणीपुरवठा केंद्रातला क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खोलगट भागात साचतो, म्हणून वर चढा. स्वयंपाकाचा गॅसही जड. तो गळत असेल तर मात्र घरात थांबायचं नाही, बटण न दाबता बाहेर पडायचं.

स्फोटाचा धोका असेल तर अंतर हाच बचाव. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूची गावं रात्रीच खाली करावी लागली होती.

उन्हाच्या लाटेत घरात थांबा म्हणतात. टिनाच्या खोलीत?

टिनाखाली दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. कडुनिंबाची दाट सावली, कवेलूचं घर किंवा ग्रामपंचायतीची इमारत बरी. बारा ते चार या वेळेपुरतं हे स्थलांतरच समजा.

भूकंप?

विदर्भाचा बहुतेक भाग कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडतो. जाणवलाच तर मातीच्या घरातून लगेच बाहेर. स्लॅबच्या घरात टेबलाखाली डोकं झाका, आणि हादरे थांबले की निघा.

पाणी ओसरलं. परत कधी जायचं?

दिवसा, चपला-बूट घालून, हातात काठी घेऊन. अंथरुणं, धानाची पोती, चुलीमागचा कोपरा इथे साप असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि जखम दिसतही नाही, म्हणून काही दिवस खाटेवर, मच्छरदाणी खोवून झोपा. चावला तर मांत्रिकाकडे न जाता थेट ग्रामीण रुग्णालयात. तार पडलेली असेल तर जवळ न जाता १९१२ ला कळवा. विहिरीचं पाणी ब्लिचिंग पावडर टाकल्याशिवाय पिऊ नका, त्यानंतरही उकळूनच.

मेलेलं जनावर पुरून टाकलं. मदत मिळेल का?

पुरण्याआधी फोटो आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल हवा, नाहीतर अडचण येते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये धरले आहेत, जनावरांच्या संख्येला मर्यादा आहे. तलाठ्याला त्याच दिवशी कळवा. तो पोचला नाही तर पोलीस पाटील आणि दोन शेजारी यांच्या सह्यांचा कागद करून ठेवा आणि त्याचाही फोटो काढा.